थांबा, अजून स्वस्त होणार आहे

लॅपटॉप घ्यायला सगळ्यात वाईट वेळ कोणती, असं आमच्या दाजींना विचारून बघा. ते आधी घड्याळाकडे बघतील, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, आणि शांतपणे सांगतील, "आत्ताची."

२०२२ साली भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी हे उत्तर पहिल्यांदा दिलं. त्यानंतर त्यात काना-मात्रेचाही बदल झालेला नाही. ताई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "अहो, पोराला एक लॅपटॉप घ्यायला हवा." इतरांच्या घरी या वाक्यानंतर माणसं पायात चपला घालतात. दाजींनी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर 'श्री' घालून खाली लिहिलं, 'पर्याय'.

दाजींना नावं ठेवण्याआधी त्यांची जडणघडण समजून घ्यायला हवी. त्यांच्या वडिलांनी चेतक स्कूटर नोंदवली तेव्हा दाजी पहिलीत होते आणि स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. कारखाना आकुर्डीला, घर साताऱ्याला. अंतर एका दिवसात जाऊन येण्याचं, पण मधे परवाना-राज होतं. टेलिफोनची तीच कथा, गॅसची तीच. त्या काळी थांबायचं काम सरकार तुमच्यासाठी परस्पर करून ठेवायचं, तुम्हाला फक्त पावती जपून ठेवावी लागे. मग १९९१ आलं, कुलपं निघाली, दुकानं भरली, आणि दाजींसारख्या हजारोंची पंचाईत झाली. वस्तू समोर, पैसे खिशात आणि अडवायला कोणी नाही! तेव्हा सरकारने बंद केलेलं ते खातं दाजींनी स्वतःच्या हॉलमध्ये चालू ठेवलं. ते स्वतःच अर्जदार, स्वतःच टेबलावरचे कारकून आणि स्वतःच शेरा मारणारे साहेब. शेरा नेहमी एकच: 'तूर्त प्रलंबित'.

पहिली हरकत निघाली पिढीची. इंटेलची बारावी पिढी दुकानात होती, पण तेरावी येऊ घातली होती. "आज बारावी घेतली की जानेवारीत पोरगं मागासलेलं," दाजी म्हणाले. दाजींना स्वतःच्या खापरपणजोबांचं नाव सांगता येत नाही, पण इंटेलच्या घराण्याची वंशावळ त्यांना आठव्या पिढीपासून मुखोद्गत. तेरावी आली, तशी चौदावीची चाहूल लागली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने लॅपटॉपच्या नव्या चिपांना 'कोअर अल्ट्रा' असं नाव देऊन आय-फाइव्ह, आय-सेव्हन आणि पिढ्यांची मोजदाद सगळंच मोडीत काढलं. वंशावळ पाठ करावी आणि यजमानाने कुळच बदलावं, असं झालं. दाजी आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

अॅपलकडे वळावं म्हटलं तर तिथे एम-वन २०२० मध्ये, एम-टू २०२२ मध्ये, एम-थ्री २०२३ मध्ये, एम-फोर २०२४ मध्ये आणि एम-फाइव्ह २०२५ मध्ये. दाजींनी यातून निष्कर्ष काढला की एम-सिक्स येणार. तो चूक आहे असं कोण म्हणेल?

मधल्या काळात भाचा सी प्रोग्रामिंग मोबाईलवर शिकला. अंगठ्याने सेमीकोलन देणारं ते पोर बघून ताईचा जीव तुटायचा. असाइनमेंट कॉलेजच्या लॅबमध्ये, प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर, आणि मित्र झोपला असेल तर मित्राच्या रूममेटच्या लॅपटॉपवर. त्याच्या वर्गाला तो फार मनमिळाऊ वाटतो. त्यामागचं कारण हे आहे.

पण घात केला त्यानेच. दुसऱ्या वर्षात त्याने बापाला कुठूनसा एक शोधनिबंध आणून दाखवला. अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या मंडळींनी १९९९ साली, काहीशा मिश्कीलपणे, एक हिशेब मांडला होता. संगणकाची ताकद दर अठरा महिन्यांनी दुप्पट होते असं धरा. तुमचं आकडेमोडीचं काम आजच्या यंत्रावर सव्वीस महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल, तर आज यंत्र घेऊ नका. काही काळ निवांत लोळा, मग नवं यंत्र घ्या. काम उलट लवकर संपेल. गणित अगदी चोख आहे. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होतील असं भाकीत केलं आणि १९७५ साली ते दर दोन वर्षांवर आणलं, त्याच पायावर हा निबंध उभा आहे. लोळण्याला एवढा शास्त्राधार मिळाल्यावर दाजी काय ऐकतात! त्यांनी त्याची प्रिंट काढून वहीत चिकटवली. सव्वीस महिन्यांपेक्षा लहान काम असेल तर आजच यंत्र घेऊन बसलेलं बरं, ही त्याच गणिताची दुसरी बाजू. भाच्याचं सबमिशन शुक्रवारी होतं. वहीत दुसऱ्या बाजूला डिंक लागलेला होता.

सरकारनेही दाजींना वेळोवेळी साथ दिली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीहून अचानक अधिसूचना निघाली: लॅपटॉप आयात करायचा तर परवाना लागेल, अंमल ताबडतोब. ताई घाबरली, "आता तरी घ्या, उद्या मिळायचे नाहीत." लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारांपासून आयटीवाल्या जावयांपर्यंत सगळे हवालदिल. दाजी मात्र खुर्चीतून हलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सरकारने अंमलबजावणी ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलली, आणि पुढे परवान्याचं प्रकरण नोंदणी करून परवानगी घेण्यावर निभावलं. "बघितलंस?" दाजी म्हणाले, "तेही थांबले." परवाना हा शब्द इतक्या वर्षांनी पेपरात वाचून त्यांचे डोळे पाणावले होते, असं ताई सांगते.

सणांचं तर विचारूच नका. साडेतीन मुहूर्त खरेदीसाठी असतात हे दाजींना मान्य आहे, पण खरेदी सेलमध्ये करायची असते, आणि सेलच्या आधी पितृपक्ष असतो. पितृपक्षात यंत्र घरात आणायचं नाही, हा आमच्या ताईच्या सासूबाईंचा दंडक. ऑनलाइन कंपन्यांनाही बहुधा कुठेतरी एक सासूबाई असाव्यात. २०२५ साली सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला झाली, २२ ला घटस्थापना आणि २३ ला दोन्ही बड्या दुकानांचे महासेल सुरू. दाते पंचांग उघडून बसल्यासारखं वेळापत्रक! पण सेलच्या पहिल्या दिवशी दाजी घेत नाहीत, कारण शेवटच्या दिवशी भाव पडतात. शेवटच्या दिवशी घेत नाहीत, कारण उरलंय ते कोणीतरी नाकारलेलं असतं. आणि दसरा झाला की दिवाळी, दिवाळी झाली की वर्षअखेर, मग प्रजासत्ताक दिनाचा सेल. त्यानंतर १ फेब्रुवारीला बजेट, आणि बजेटच्या तोंडावर शहाणा माणूस काही विकत घेत नाही.

तरी २०२५ चं वर्ष दाजींच्या आयुष्यातलं सोन्याचं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. झालं! अख्खा देश दाजी झाला. गाडी ठरवलेले थांबले, एसी ठरवलेले उकाड्यात बसले, दुकानदार माश्या मारू लागले. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला, अंमल २२ सप्टेंबरपासून. लॅपटॉपवर अठरा टक्के होता तो अठराच राहिला. दाजींनी ज्यासाठी श्वास रोखून धरला होता, ते झालंच नाही. पण त्यांना याचं काही वाटलं नाही. इतक्या लोकांबरोबर थांबायचा आनंद त्यांना चेतकनंतर पहिल्यांदाच मिळत होता.

'पुढचं चांगलं येतंय' असं आधी सांगून टाकलं की आजचं कोणी घेत नाही, या प्रकाराला जगात 'ऑस्बोर्न परिणाम' म्हणतात. ज्याच्या नावाने म्हणतात तो अॅडम ऑस्बोर्न बालपणी तमिळनाडूत तिरुवण्णामलैला वाढला. त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त होते. पुढे अमेरिकेत त्याने १९८१ साली 'ऑस्बोर्न वन' काढला: उचलून नेता येणारा संगणक, वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर. धो-धो खपला. मग १९८३ मध्ये त्याने नव्या मॉडेलची चर्चा आधीच सुरू केली, गिऱ्हाइकं 'नवं येऊ दे' म्हणत हात बांधून बसली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने दिवाळं काढलं. जाणकार म्हणतात की दुसरीही कारणं होती. स्पर्धक वाढले होते, हिशेबाचे घोळ होते. असतील. पण आम्हाला गिऱ्हाइकांचंच कारण पटतं, कारण त्यातलं एक आम्ही दर रविवारी जेवताना बघतो. ऑस्बोर्न शेवटी भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. दाजींची आणि त्याची भेट झाली असती तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही.

मग आला ऑक्टोबर २०२५. त्या महिन्याच्या १४ तारखेला विंडोज टेनचा नियमित आधार संपला. दाजींच्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपला विंडोज इलेव्हन चालत नाही, कारण त्यात टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग नाही. ताईला वाटलं, आता तरी. पण मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी आणखी एक वर्षाची मुदत दिली. दाजींनी ती मुदत स्वतःला मिळालेली बढती समजून स्वीकारली.

आणि मग आक्रीत घडलं. लॅपटॉप स्वस्त व्हायच्या ऐवजी महागायला लागले.

कारण रॅम. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते ती परातीने, आणि ती मंडळी पैसेही रोख मोजतात. मग कारखाने त्यांच्याकडे वळले आणि तुमच्या-आमच्या वाट्याची रॅम आटली. सुट्या रॅम स्टिकचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जो माणूस दाजींना तीन वर्षं हसत होता तो आमचा चुलतभाऊ धावत आला, "दाजी, आता खरंच घ्या हो, पुढे सोळा जीबी परवडायची नाही." साऱ्या आळीला वाटलं, संपलं. थांबण्याचा सिद्धांत सपशेल आपटला.

तुम्ही दाजींना ओळखत नाही. सिद्धांत असा आपटत नसतो, तो बाजू बदलून पुन्हा झोपतो. दाजींनी वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं, 'एआयचा फुगा'. म्हणाले, "हा फुटणार. फुटला की ती डेटा सेंटरं रॅम किलोवर विकतील. आणि ते साणंद सुरू होऊ दे, मग बघ." गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा कारखाना आहे खरा, पण तिथे बाहेरून आलेल्या चिपांची जुळणी, चाचणी आणि पॅकिंग होतं, असं भाच्याने सांगून पाहिलं. दाजी म्हणाले, "सुरुवात सगळ्यांची पॅकिंगपासूनच होते."

त्यानंतरच्या जानेवारीत भाच्याची शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप हिंजवडीला सुरू झाली. पहिल्याच दिवशी कंपनीने गळ्यात ओळखपत्र घातलं, पाठीला बॅग दिली, आणि बॅगेत लॅपटॉप. कोरा करकरीत, बत्तीस जीबीचा. पोरगं रात्री घरी आलं आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून बराच वेळ त्याच्या कीबोर्डवरून नुसती बोटं फिरवत बसलं. सवय नसल्याने सुरुवातीला फक्त अंगठेच चालत होते.

दाजींनी चष्मा लावून यंत्र चारही बाजूंनी पाहिलं, वही मागवली, शेवटच्या पानावर 'निकाली' असा शेरा मारला, खाली सही केली आणि तारीख घातली. मग ताईकडे वळून म्हणाले, "वाचले की नाही सत्तर हजार?"

ताईने खरं तर त्या वेळी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. पण तिने तेवढ्यात व्यवहाराचं पाहिलं आणि त्या पैशांतून हॉलसाठी मोठा टीव्ही घ्यायचा असं जाहीर करून टाकलं. बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, हे दाजींनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. दाजींनी मान डोलावली. नवी वही आली आहे, या खेपेला दोनशे पानी. दहा टक्के एकदा उतरले म्हणजे उतरण्याची सुरुवात झाली, असं त्यांचं म्हणणं आहे.