बंदराच्या मागोमाग, पस्तीस वर्षांनी

न्हावा शेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं. आमची कंपनी कस्टम्स क्लिअरिंगची. म्हणजे परदेशातून आलेला दुसऱ्याचा माल सरकारच्या तावडीतून सोडवून द्यायचा, हा आमचा धंदा. कंटेनर मुंबई बंदरातून उठून खाडीपलीकडे गेले. त्यांच्यामागून ट्रेलर गेले, गोदामं गेली, कस्टम्सचं वेगळं ऑफिसही तिकडे उभं राहिलं. आमचे शेठ बॅलार्ड इस्टेटच्या खिडकीत बसून म्हणत राहिले, "बघू, टिकतंय का." पस्तीस वर्षं बघितल्यावर त्यांची खात्री पटली आणि ऑफिस बेलापूरला हलवायचं ठरलं.

उशीर झाला म्हणून आम्हाला हसण्यात अर्थ नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना 'मार्ग' नियतकालिकात मांडली ती 1965 साली. ते शहर वसवायला सिडको स्थापन झाली 1970 मध्ये. सरकारने आधी आपलं बिऱ्हाड तिकडे न्यावं, म्हणजे बाकीचे मागून येतीलच, असा त्यातला हिशेब होता. सरकारने कोकण भवन, म्हणजे विभागीय कचेऱ्या, बेलापूरला धाडलं आणि स्वतः मंत्रालयात बसून राहिलं. शेजारी नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टॉवर उभे राहिले, ते वेगळंच. सांगायचा मुद्दा, राज्य सरकारला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते आम्ही एका शनिवार-रविवारात करणार होतो. तेही कामात खंड न पडता.

'कामात खंड न पडता' हे शब्द सल्लागाराचे. तिशीतला, नम्र, चहा न पिणारा मुलगा. त्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला. त्यात आमच्या ऑफिसचे रंगीत पट्टे शुक्रवारी संध्याकाळी बॅलार्ड इस्टेटमधून निघून सोमवारी सकाळी नऊला बेलापुरात पोचत होते आणि तळाशी लिहिलं होतं: डाउनटाइम शून्य. शेठना तक्ता आवडला. स्थलांतर समितीचा प्रमुख म्हणून माझी निवड झाली, कारण त्या दिवशी मी रजेवर होतो.

खंड का पडून चालत नाही, हे सांगायला हवं. जहाजाला शनिवार-रविवार नसतो. बहुतेक मालाच्या बाबतीत जहाज बंदरात यायच्या आदल्या दिवशी बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण, दाखल झालेलं असावं लागतं, आणि तो दिवस सुट्टीचा असला तरी सूट नाही. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. त्यात बंदराचं डिमरेज वेगळं, कंटेनरवाल्या लाइनचं डिटेन्शन वेगळं. "ऑफिस शिफ्ट करत होतो" हे कारण लिहायला कस्टम्सच्या संगणकात रकाना नाही.

आधी तारीख ठरवायची होती. अकाउंट्सच्या बाईंनी पेन्सिल घेऊन कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीचं एक रिटर्न, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीचं दुसरं. महिनाअखेर पगार. सरकारी तारखा वजा जाऊन जे उरलं, त्यातून पंचांगाने आपला वाटा उचलला. सल्लागाराने काढलेला पहिला मुहूर्त नेमका सर्वपित्री अमावस्येला येत होता. ते ऐकून शेठ काही बोलले नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघत राहिले. त्याआधीचा पंधरवडा पितृपक्ष. त्याच्या आधी गणपती, म्हणजे आमचं निम्मं ऑफिस सिंधुदुर्गात. दसऱ्याला मुहूर्त होता, पण हमाल नव्हते. शेवटी दिवाळीनंतरचा एक शनिवार हाती लागला. त्याच्यावर कुणाचाच हक्क नव्हता म्हणून.

मग चिकट्या. सल्लागाराने प्रत्येकाला लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिकट्या वाटल्या. ज्याच्यावाचून काम थांबेल त्याला लाल, एक-दोन दिवस चालेल त्याला पिवळी, नंतर आलं तरी चालेल त्याला हिरवी. संध्याकाळी फेरी मारली तर सगळं ऑफिस लाल. खुर्च्या लाल, टेबलपंखे लाल, डबे गरम करायची शेगडी लाल, एकीच्या मनी प्लांटलाही लाल. हिरव्या चिकट्यांचं पाकीट कुणी फोडलंच नव्हतं. चिकटी नसलेली वस्तू सबंध मजल्यावर एकच होती, ती म्हणजे सर्व्हर. तो कुणा एकाचा नव्हता ना!

कागदपत्रांचा प्रश्न याहून जड होता, अगदी किलोतसुद्धा. कस्टम्स ब्रोकरने कागद पाच वर्षं जपावेत असा नियम आहे. कंपनी कायदा हिशेबाच्या वह्यांना आठ वर्षं सांगतो. आमचे हेडक्लार्क नाना यांनी 1968 पासूनचं सगळं ठेवलेलं होतं, आणि त्यांचा कायदा दोन शब्दांचा होता: "मागितला तर?" चामड्याच्या एका कन्साइनमेंटची 1974 सालची फाइल मी हातात धरली. आयात करणारी कंपनी बुडालेली, निर्यात करणारा देश फुटलेला, बोट भंगारात निघालेली. "नाना, ही कोण मागणार?" नाना चष्मा वर सरकवून म्हणाले, "मागितला तर तेव्हा तुम्ही नसाल साहेब, मी असेन." नाना वर्षभरात निवृत्त व्हायचे होते. फाइल खोक्यात गेली.

तिजोरी मात्र गेली नाही. ती आधी आली असावी आणि दार नंतर बसवलं असावं, कारण कुठल्याही बाजूने धरली तरी ती चार बोटं उरत होती. जाळीच्या लिफ्टमध्ये तिला घालायचा विचार लिफ्टमनने नुसत्या नजरेने हाणून पाडला. किल्लीवाल्याने अर्ध्या दिवसात ती उघडली. आत लायसन्स राजमधले आयात परवाने, लाखेची कांडी, आणि शेठच्या वडिलांनी भागीदाराला लिहिलेली, पण न पाठवलेली चार पत्रं निघाली. शेठनी ती तिथेच उभ्याने वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "तिजोरी राहू दे."

नव्या जागेची आखणी करायला सल्लागारासमोर वास्तुतज्ज्ञ बसवले. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं ते सर्व्हरवर. तो एका कोपऱ्यात हवा. वास्तुतज्ज्ञांच्या मते विजेची वस्तू म्हणून आग्नेयेला. आग्नेयेला मजल्याचं स्वच्छतागृह होतं. नवं ऑफिस मोकळं, केबिन कुणालाच नाही, 'संवाद वाढावा' म्हणून. ज्यांच्यात संवाद वाढू नये यासाठी शेठनी वीस वर्षं प्लायवूडचं पार्टिशन राखलं होतं, ते सेल्स आणि अकाउंट्स आता समोरासमोर येणार होते.

इंटरनेटची तर कथाच निराळी. लीज्ड लाइन देणाऱ्यांनी इमारत बघून 'फिजिबल' असा शेरा दिला. नंतर कळलं, इमारत फिजिबल आहे, आमचा मजला नाही. मजला फिजिबल झाला तेव्हा पावसाळा लागला होता, आणि पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही. हे सल्लागाराच्या तक्त्यात नव्हतं. त्याच्या तक्त्यात ऋतूच नव्हते.

पण खरा विरोध लोकलमधून झाला. पनवेल-खारघरची मंडळी खूश होती, त्यांनी पेढे आणले. डोंबिवलीच्या बाई ठाण्याला बदलून ट्रान्स-हार्बरने येऊ शकत होत्या, वेळही वाचत होता. तरी त्यांचे डोळे भरून आले. "नोकरी सोडीन, पण 8.04 चा ग्रुप कसा सोडू?" त्या ग्रुपमध्ये हळदीकुंकू होतं, भिशी होती, दोन लग्नं जमली होती. विरारच्या एकाला मी समजावलं की वडाळ्याच्या पुढे गर्दीच्या उलट दिशेने जायचं, बसायला मिळेल. तो म्हणाला, "बसून बोलू कुणाशी?" यावर समितीकडे उत्तर नव्हतं. शिवाय बॅलार्ड इस्टेटमध्ये आमच्या कितीतरी बाहेरगावच्या पार्ट्या नेमक्या साडेबाराला भेटायला यायच्या, कारण कोपऱ्यावर 1923 सालचं ब्रिटानिया आणि त्याचा बेरी पुलाव. बेलापुरात साडेबाराला कोण येणार, हा प्रश्न सेल्सवाल्यांनी लेखी विचारला. तो मला आजही रास्त वाटतो.

दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा बंदी, म्हणून ट्रक रात्री लागले. मुकादमाने खोक्यांवर नंबर घातले आणि यादी केली. यादी एका खोक्यात गेली. रविवारी संध्याकाळपर्यंत सर्व्हरचे हिरवे दिवे लुकलुकू लागले, लाइन चालू झाली, पाटी लागली, मराठी अक्षरं इंग्रजीहून लहान नाहीत ना हे टेपने मोजूनही झालं. सल्लागाराने फोटो काढला.

सोमवारी नऊला सगळे हजर. मंगळवारी एक बोट लागणार होती, म्हणजे बिल ऑफ एंट्री सोमवारीच जायला हवं. दाखल करायला डिजिटल सहीचं टोकन लागतं, करंगळीएवढी यूएसबीची कांडी. ती नव्हती. 'महत्त्वाचे' लिहिलेलं खोकं फोडलं, त्यात कॅरम निघाला. 'किरकोळ' लिहिलेली खोकी इतकी होती की नानांनी देवाचं नाव घेतलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की शिपाईकाका दिसत नाहीत. त्यांचा फोन बंद. तो बॅटरी वाचवायला ते नेहमीच बंद ठेवतात.

शेवटी मी जुन्या इमारतीच्या लिफ्टमनला फोन लावला. "काका? हे काय, बसलेत की वर."

एकोणतीस वर्षांच्या सवयीने काका साडेआठला बॅलार्ड इस्टेटला पोचले होते. दार उघडून, झाडून, उरलेल्या एकुलत्या स्टुलावर बसले होते. टोकन त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात. "एवढी नाजूक वस्तू ट्रकात टाकतात का साहेब?" तोपर्यंत त्यांनी चार कुरिअर सही करून घेतले होते. त्यात मंगळवारच्याच बोटीचं ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घ्यायचा मूळ कागद, होतं, जे बेलापूरचा पत्ता कळवूनही पाठवणाऱ्याने सवयीने जुन्याच पत्त्यावर पाठवलं होतं. कानपूरची एक पार्टी न कळवता येऊन धडकली होती. तिला काकांनी पाणी दिलं, खालच्या टपरीवरून चहा सांगितला आणि "साहेब साइटवर गेलेत, बसा" असं सांगून खाली सतरंजीवर बसवून ठेवलं होतं. कानपूरकर साडेबाराची वाट पाहत होते.

काका टोकन, कागद आणि कानपूरकरांना घेऊन हार्बर लोकलने निघाले. सीएसएमटी ते बेलापूर तासाभराहून जरा जास्त. कानपूरकरांचा पुलाव तेवढा हुकला. बिल ऑफ एंट्री दुपारी दाखल झालं, दंड एक रुपयाही नाही.

नोंदणीकृत पत्ता बदलल्याचा आयएनसी-22 फॉर्म तीस दिवसांच्या आत भरावा लागतो, तो भरला. सल्लागाराने अहवाल दिला, त्यात डाउनटाइम शून्य लिहिलंय, आणि सर्व्हरपुरतं ते खरंच आहे. अहवालात काकांचं नाव नाही. शेठनी मात्र जुन्या जागेतला तिजोरीचा कोपरा आणि एक स्टूल वर्षभरासाठी भाड्याने राखून ठेवलाय, आणि काकांना सीएसएमटी ते बेलापूर फर्स्ट क्लासचा पास काढून दिलाय. सकाळी ते तिकडे असतात, दुपारी इकडे. आमच्या पत्रव्यवहारात त्या स्टुलाचा उल्लेख 'फोर्ट शाखा' असा होतो. कुरिअर पाठवायचं असेल तर अकराच्या आत पाठवा.