अडीच लाद्या

आम्ही कर्जात पडलो ते काटकसरीपायी. हे मी पुष्कळांना सांगतो आणि पुष्कळजण हसतात, पण झालं खरंच तसं. लॉकडाउननंतर सरकारने घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कात सूट दिली होती. शेवटच्या तीन महिन्यांत ती दोन टक्क्यांवर आली आणि 31 मार्च 2021 ला संपणार होती. आम्ही तेव्हा नालासोपाऱ्यात भाड्याने राहत होतो. वसईतल्या गोखिवऱ्यात एक वन-बीएचके 26 लाखांना मिळत होता. 340 चौरस फूट, तिसरा मजला, आणि बेडरूमच्या खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगराचे वेगळे पैसे नव्हते. दोन टक्के म्हणजे 52 हजार.

"बावन्न हजार असे कोण सोडतं?" बायको म्हणाली.

आईनेही मान हलवली. आमच्या घरात फुकट जाणाऱ्या रुपयाइतकी दया दुसऱ्या कुणाचीच येत नाही. तर ते बावन्न हजार वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही वीस लाखांचं कर्ज काढलं. उरलेल्या सहा लाखांत माझा पीएफ गेला, आईची एफडी गेली आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचा विषय घरात अजून काढत नाहीत. दिवाळीला तो आपणहून निघतो.

व्याज होतं सात टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता 15,506. वरचे सहा रुपये मला फार आवडले होते. कुणीतरी बसून नीट हिशेब केलाय असं वाटायचं. पहिलं वर्ष छान गेलं. मग मे 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमचं कर्ज त्या दराच्या शेपटीला बांधलेलं. त्यामुळे आमचे सातचे साडेनऊ झाले. हप्ता मात्र तोच, 15,506. मी म्हटलं, बघा, बँकेला आपली काळजी आहे.

बायकोला काळजीचा संशय आला. ती घरी शिकवण्या घेते, त्यामुळे तिला गणितात उगाच मान हलवता येत नाही. एका रविवारी तिने बँकेचा उतारा, चौथीच्या पोराची वही आणि पेन्सिल घेऊन मांडी घातली. दोन वर्षांत आम्ही पावणेचार लाखांच्या आसपास भरले होते. मुद्दल फिटलं होतं ऐंशी हजारांच्या आतबाहेर. आणि आता नव्या दराने दर महिन्याच्या हप्त्यातले पंधरा हजार दोनशे व्याजात जात होते, मुद्दलात जात होते तीनशे.

"तीन हजार?" मी विचारलं.

"तीनशे. आणि हप्ता असाच ठेवला तर कर्ज फिटायला आणखी बेचाळीस वर्षं."

मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. ब्याऐंशीव्या वर्षी शेवटचा हप्ता भरायला काठी टेकत जाणारा मी मला दिसलो. वाईट याचं वाटलं की त्या चित्रातही मी रिक्षा वाचवायला चालतच निघालो होतो.

मग तिने आणखी एक आकडा काढला, तो काढला नसता तर बरं झालं असतं. बाकी 19 लाख 21 हजार, दर साडेनऊ, म्हणजे रोजचं व्याज पाचशे रुपये. तासाला एकवीस. त्या दिवसापासून आमच्या घरातली घड्याळं वेळ दाखवेनाशी झाली. "उठा, झोपेत एकशे सत्तर गेले," असं म्हणून मला उठवलं जाऊ लागलं. माझी मेहुणी नालासोपाऱ्याहून आली आणि तीन तास बसून गेली, तेव्हा चिरंजीवांनी दार लावता लावता जाहीर केलं, "मावशी त्रेसष्ट रुपये." चहा वेगळा. मी त्याला समजावलं की मावशी आली नसती तरी व्याज पडलंच असतं. त्यावर तो म्हणाला, "मग आपण झोपलो नाही तरी पडतंच ना?" याला उत्तर नव्हतं. शिवाय त्याच्या आईची शिकवणी होती, म्हणजे फीही परत मागता येत नव्हती.

चिरंजीवांचा पुढचा शोध लाद्यांचा. आमच्या घरात दोन बाय दोनच्या लाद्या आहेत, एक लादी चार चौरस फुटांची. 26 लाखांना 340 ने भागलं आणि चाराने गुणलं की एका लादीला जवळजवळ तीस हजार सहाशे पडतात. आम्ही रोख दिलेल्या सहा लाखांत साडेएकोणीस लाद्या सुटल्या होत्या, म्हणजे बाथरूम, स्वयंपाकघर आणि फ्रिजखालची जागा. नंतरच्या दोन वर्षांत, पावणेचार लाख भरून, अडीच. पोराने खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडचं आमचं, पलीकडचं बँकेचं. हॉल जवळपास सगळा बँकेचा आणि बेडरूम तर परकाच मुलूख. त्या रात्री मी बँकेच्या लाद्यांवर झोपलो आणि अपराधी वाटून कुशीसुद्धा बदलली नाही.

आईला हे सगळं पटेना. ती म्हणाली, "अरे, तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात, तुला एवढंही जमत नाही होय?" मी म्हटलं, "आई, तुकोबांकडे लोकांचं येणं होतं, माझ्याकडे लोकांचं देणं आहे. मी बुडवली तर त्याला वेगळं नाव आहे." मग मी तिला सुप्याच्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली. 1875 च्या मे महिन्यात त्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले, ती आमच्या बाजूची माणसं. पण जाळायला रोखा हातात तर हवा! आमचा कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कॉम्प्युटर म्हणे ढगात. ढगात असलेल्या गोष्टींचा वसईकराला जो अनुभव आहे तो चांगला नाही. त्या एकदम खाली येतात आणि तळमजल्यात शिरतात.

शेवटी बायको बँकेत गेली. मला बरोबर नेलं नाही, कारण मी साहेबलोकांना "हो हो" म्हणतो. "मुदत वाढवू नका, हप्ता वाढवा," असं सांगून आली. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं म्हणे, "वाढवायचा? नक्की?" त्याच्याकडे लोक उलटं मागायला येत असणार. व्याजदर बदलला की मुदत वाढवायची की हप्ता, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं. आमची बायको पाच महिने आधीच विचारायला लावून आली होती. हप्ता झाला 18,600. त्यातले तीन हजार चारशे मुद्दलात जाऊ लागले. महिन्याला लादीचा नववा हिस्सा.

आता वरचे तीन हजार आणायचे कुठून? आणि बायकोला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. बदलत्या दराच्या घरकर्जावर मध्येच जादा पैसे भरले तर दंड लागत नाही, बँकांना ती बंदी 2012 पासूनच आहे, हे तिने शोधून काढलं. तिचा हिशेब असा की आत्ता एका लादीचे तीस हजार सहाशे एकदम भरले, तर शेवटचे आठ हप्ते पुसले जातात. तीस हजारांत दीड लाख! असला सेल आमच्या घराण्याने कधी पाहिला नव्हता. मारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर "लादी" अशी चिठ्ठी चिकटली आणि आमचं घर कामाला लागलं.

शिकवणीची मुलं सहाची अकरा झाली. ती बँकेच्या हॉलमध्ये बसतात, आणि त्याचं भाडं बँक मागत नाही, याचं बायकोला फार समाधान आहे. मी रविवारी वसई फाट्याजवळच्या एका गाळ्यात जीएसटीची बिलं लिहायला जाऊ लागलो. आईने आपल्या वाटणीची वर्तमानपत्राची रद्दी डब्यात घातली, म्हणजे रद्दीचे पैसे. आणि पेपर बंद केल्यावर रद्दी होईना, तेव्हा ती शेजाऱ्यांची मागू लागली.

माझी स्वतःची कामगिरी रेल्वेतली. तीन महिन्यांचा पास काढला की महिन्याच्या पासाच्या तिपटीऐवजी 2.7 पट पैसे पडतात. म्हणजे दोन महिने एकवीस दिवसांचे पैसे भरायचे, पुढचे नऊ दिवस रेल्वे आपल्याला फुकट चर्चगेटला नेते आणि आणून सोडते. एरवी सकाळी वसई रोडला विरार फास्टमध्ये आपण चढत नसतो, आपल्याला चढवलं जातं. उलटं विरारला जाऊन बसून यायची चैन माझ्या पासात बसत नाही. पण ते शेवटचे नऊ दिवस निराळे. त्या दिवसांत मी डब्यात जावयासारखा शिरतो. कुणाचं कोपर बरगडीत रुतलं तरी वाटतं, यजमान आहेत, आग्रह करतात.

विजेचं खातं आईकडे. शंभर युनिटपर्यंत एक दर आणि एकशेएकपासून चढा, हे तिला कळल्यापासून ती दर दोन दिवसांनी जिना उतरून मीटर बघून येते. एप्रिलमध्ये रीडिंगला तीन दिवस राहिले आणि आकडा अठ्ठ्याण्णववर. आईने फतवा काढला. पंखा एक, दिवा एक, फ्रिज देवाच्या भरवशावर. आम्ही चौघं एका पंख्याखाली एका दिव्यात तीन रात्री बसलो. चिरंजीवांनी भुताच्या गोष्टी सांगितल्या. बिल आलं ते नव्याण्णव युनिटचं. आईने ते देवासमोर ठेवलं. मग मी बिल उलटून वाचत बसलो आणि लक्षात आलं की चढा दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या युनिटांना नव्हे. सात-आठ युनिटं जास्त जाळली असती तर पन्नास-शंभर रुपयांचा फरक पडला असता. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. देवासमोर ठेवलेली वस्तू परत मागू नये.

जेवणाचं सांगायचं तर पावसाळ्याने आम्हाला सांभाळलं. जूनमध्ये स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात, बरोबर खाज मोडायला काकडं. पण शेवळं आता साहेबलोकांची भाजी झाली आहे. आम्ही भाव विचारतो, जुडी हातात घेऊन हुंगतो आणि परत ठेवतो. टाकळा मात्र कुणाच्या बापाचा नाही. आमच्या बिल्डिंगमागे एक रिकामा प्लॉट आहे, पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत तो टाकळ्याने हिरवागार होतो. आई आणि चिरंजीव सकाळी पिशवी घेऊन उतरतात आणि कोवळा पाला खुडून आणतात. लसूण, कांदा, वर चिमूटभर खोबरं. पहिल्या दिवशी आम्ही म्हटलं, काय चव आहे! चौथ्या दिवशी म्हटलं, औषधी असतो. अकराव्या दिवशी पोराने ताटाकडे बघून शांतपणे विचारलं, "आई, ही लादी किती उरली?"

सहल म्हणजे वसईचा किल्ला. तिथे तिकीट नाही. चिमाजी अप्पांनी 1739 साली एवढी माणसं गमावून तो पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा त्यांच्या मनात नेमकं काय होतं कोण जाणे, पण आमची एका रविवारची सोय झाली. पडक्या चर्चमध्ये सतरंजी टाकून आम्ही डबा उघडला. शेजारी एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं, दोन कॅमेरे, एक ड्रोन, गाऊनचा घोळ धरायला एक बाई. बायको बराच वेळ बघत होती. मला वाटलं, पाटल्यांचा विषय निघतो आता. ती म्हणाली, "चार लाद्या तरी असतील हो."

डबा भरला तो दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात. सात महिने लागले. नोटा मोजताना आईने चष्मा दोनदा पुसला. शेवटी दोनशे कमी पडले ते पोराने आपल्या बाप्पाच्या दक्षिणेतून दिले, "परत द्यायचे" अशा अटीवर. म्हणजे एक कर्ज फेडताना आम्ही दुसरं काढलं, पण बिनव्याजी. बायकोने पैसे भरले, पावती आणली. दसऱ्याला सकाळी खडूची जुनी रेघ पुसून पोराने नवी मारली आणि नेमकी हॉलच्या दारातली लादी आमच्यात आली. कर्ज काढल्यानंतरच्या बाकीच्या लाद्या हप्त्याहप्त्याने आल्या होत्या, ही एकरकमी आलेली पहिलीच. बायकोने तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. आईने नारळ काढला.

"खाली पायरीवर फोड," ती मला म्हणाली आणि लगेच तिने मला थांबवलं. "नको. पाणी सांडेल. इथेच फोड, खाली वाटी धरते."

मी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि हाणला. नारळ नीट दोन भकलांत फुटला. पाणी वाटीत पडलं. आणि लादीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ उमटली.

कुणी काही बोललं नाही. पोराने बोटाने रेघ पुसून पाहिली, खडूची आहे का म्हणून. मग त्याने वाकून लादीवर टकटक केली. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. शेजारच्या, बँकेच्या लादीवर टकटक केली, तिचा भरीव आला.

"अहो, हिच्याखाली सिमेंटच नाही," बायको म्हणाली. "कोपऱ्यांना चार गोळे लावलेत नुसते. वाचवलंय."

मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. खरंच वाचवलं होतं आणि मोठ्या हुशारीने वाचवलं होतं. बिल्डरचाही कुठेतरी हप्ता चालू असणार. आईने खोबऱ्याचे तुकडे केले, अर्धं टाकळ्यासाठी बाजूला ठेवलं.