आशीर्वादाचे तुषार

फ्लूच्या साथीत हस्तांदोलन नको, मिठी नको, लांबून नमस्कार करा, हे सगळं मला मान्य आहे. तक्रार एवढीच की, पाया पडून घ्यायचं वय मला आत्ता कुठे लागलं होतं. उभी तरुणाई लग्नकार्यांत वाकण्यात गेली. 'हे आपले कोण?' असं आईला मागाहून विचारावं लागेल, अशाही आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि आता माझी पाळी आली, तर कार्यालयाच्या दारातच पाटी!

नवरा-नवरी जवळ येताना दिसली की मी 'असू दे, असू दे' म्हणतो खरा, पण तोवर उजवा पाय चपलेतून निघून इंचभर पुढे सरकलेला असतो. हल्लीची मुलं तशीही पायापर्यंत पोचत नाहीत. काही जण तर गुडघ्याकडे नुसतं बघून परत फिरतात. तो दुखतो हे त्यांना कुठून कळतं कोण जाणे!

बरं, पाय काय करणार? फ्लूचा विषाणू असतो नाका-घशात. खोकताना, शिंकताना, अगदी बोलतानाही तुषार उडतात, त्यांच्याबरोबर तो बाहेर पडतो. म्हणजे पाया पडणाऱ्याला धोका पायांचा नाहीच, आशीर्वादाचा आहे! तो वाकतो तेव्हा त्याचं डोकं बरोबर माझ्या हनुवटीखाली येतं आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडतो. 'सुखी राहा' त्यातल्या त्यात कोरडा. पण आमच्या आजीचे पुढचे दात पडलेले होते. तिचा 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' घेऊन उठलेली सून पदराने कपाळ टिपतच उठायची. आम्ही समजायचो, गहिवरली.

परदेशात पायांची भानगड नाही, पण हातांची आहे. 2012च्या लंडन ऑलिंपिकआधी ब्रिटिश पथकाच्या मुख्य डॉक्टरांनीच खेळाडूंना हस्तांदोलन टाळायचा सल्ला दिला होता. 2014 साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातल्या संशोधकांनी जंतूंत बुडवलेले हातमोजे घालून प्रयोग केले. मुठीला मूठ टेकवली तर हस्तांदोलनाच्या मानाने जवळजवळ दहावा हिस्साच जंतू पलीकडे जातात, असं दिसलं. (ते जीवाणू होते, फ्लूचे विषाणू नव्हेत, पण मुठीचं नाव झालं ते झालंच.) परवा भाच्याच्या मुलाने अशीच मूठ पुढे केली. मी खाली ओंजळ धरली. समोरच्याच्या मुठीत शेंगदाणे असतात, फार तर प्रसाद, असं आमचं शिक्षण. तो बिचारा मूठ उघडून दाखवू लागला.

हसतो आहे, पण स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातच, ऑगस्ट 2009मध्ये. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, मास्क मिळेना म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडले. तेव्हाही ऐकलं होतं, नमस्कार करा. जरूर करा. पण अंगात ताप असलेला माणूस हात जोडून का होईना, कचेरीत येतोच, कारण रजा टाकली तर पगार कापतात. नमस्कार बदलायला कोणाला दमडी खर्च येत नाही, म्हणून त्याची पाटी झटकन लागते. आजाऱ्याला भरपगारी घरी बसवण्याची पाटी मी अजून कुठे पाहिली नाही.

माझे एक मामा माळकरी होते. दारात आले की आधी ते माझ्या पाया पडायचे, मी चौथीतला असताना. 'माउली' म्हणत वाकायचे आणि मी लाजून मोरीत पळायचो. लहान-मोठा असा हिशेबच त्यांच्याकडे नव्हता. ज्याच्या पायी डोकं ठेवायला ते पंढरीला जायचे, त्या विठोबाचं पदस्पर्श दर्शन करोनात 2020 साली बंद झालं, ते 2022च्या गुढीपाडव्याला सुरू झालं. दोन वर्षं कोणी पायाला हात लावला नाही, पण त्याने विटेवरून इंचभरही पाय पुढे सरकवल्याचं ऐकिवात नाही.

माझा सरकतो. म्हणून सध्या मी मास्क लावून आशीर्वाद देतो. पण मास्कमधून शब्द नीट फुटत नाहीत. मग वाकलेली नवरी तिथूनच मान वर करून विचारते, "काका, काय म्हणालात?" आणि मला मास्क खाली ओढून पुन्हा एकदा, मोठ्याने, तिच्या तोंडावर आशीर्वाद द्यावा लागतो.