उजेड पाडला!

स्टेडियमचे जुने दिवे मोठे मानी होते. मेटल हॅलाइडचा दिवा एकदा विझला की विझला. आतली नळी थंड झाल्याशिवाय तो पुन्हा पेटायचा नाही; तोवर खेळाडू, पंच, प्रेक्षक सगळ्यांनी हात चोळत बसायचे. 2013 साली न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, ऐन रंगात असताना अर्ध्या स्टेडियमची वीज गेली आणि खेळ 34 मिनिटे थांबला. ज्या सामन्यातल्या जाहिरातींचे दर सेकंदावर मोजतात, तिथे अख्खी अमेरिका दिव्यांचा रुसवा निघण्याची वाट बघत होती.

या मानीपणाचा एक फायदा मात्र होता. असल्या हट्टी दिव्याला गंमत म्हणून विझवायची कुणाची छाती होत नसे.

मग एलईडी आला. वीज कमी खातो, उजेड हवा तिथेच टाकतो, स्लो मोशनमध्ये लुकलुकत नाही, आणि बटण दाबले की त्याच क्षणी पेटतो. लग्नाच्या स्थळासारखे सगळे गुण जुळले. वानखेडेवर 1996 च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा प्रकाशझोतात आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा दिवे लागले याचेच कौतुक होते. 2023 च्या वर्ल्ड कपआधी तिथेही एलईडी चढले. खेळाडूंना चेंडू स्वच्छ दिसावा म्हणून, असे आपण भोळी माणसे समजत होतो.

क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी मात्र एलईडीचा खरा गुण बरोबर हेरला. तो झटक्यात पेटतो, म्हणजे झटक्यात विझवताही येतो! त्याच वर्ल्ड कपमध्ये दिल्लीला पाणी प्यायची सुट्टी झाली की मैदानावर काळोख, मग झगमगाट, परत काळोख, आणि वर कानठळ्या बसवणारे संगीत. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने तिथे नेदरलँड्सविरुद्ध 40 चेंडूंत शतक ठोकले आणि नंतर पत्रकारांसमोर तक्रार केली, की या प्रकाराने डोके दुखते, डोळे सरावायला वेळ लागतो, खेळणाऱ्यांसाठी ही कल्पना भयंकर आहे. त्याच संघाचा डेव्हिड वॉर्नर लगेच म्हणाला, मला तर फार आवडले, हे सगळे प्रेक्षकांसाठी आहे. संयोजकांना मॅक्सवेलचे बोलणे झोंबले असेल असे वाटत नाही. डोके दुखत असताना 40 चेंडूंत शतक होत असेल, तर दुखणेच औषध म्हणायचे.

आता हा दिवा पेटायला वीज लागते, ही एक क्षुल्लक अडचण उरते. रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमने तीही दूर ठेवली होती. 1 डिसेंबर 2023 रोजी तिथे भारत-ऑस्ट्रेलिया टी-20 सामना झाला, तेव्हा स्टेडियमचे 3 कोटी 16 लाखांचे वीजबिल थकलेले होते आणि जोडणी 2018 मध्येच तोडलेली होती. तात्पुरत्या जोडणीवर गॅलरी नि बॉक्स, आणि फ्लडलाइट जनरेटरवर. बिल कुणी भरायचे यावर बांधकाम खाते क्रीडा खात्याकडे बोट दाखवत होते आणि क्रीडा खाते बांधकाम खात्याकडे. तुमचे-आमचे बिल थकले की महावितरणचा माणूस शिडी लावून खांबावर चढलेला असतो. आपण चुकतो ते इथेच. घराला स्टेडियम म्हणायला हवे होते.

पण या सगळ्यांवर कटकने ताण केली. 9 फेब्रुवारी 2025. बाराबती स्टेडियम, समोर इंग्लंड, 305 चे लक्ष्य. रोहित शर्मा बऱ्याच दिवसांनी मोकळा हात फिरवू लागला होता, आणि सातव्या षटकात एका मनोऱ्यावरचे दिवे लुकलुकून गेले. अर्धा तास सामना बंद. प्रत्येक मनोऱ्याला दोन जनरेटर होते. एक बंद पडला तर दुसरा. उत्तम व्यवस्था! पण दुसरा जनरेटर आणि मनोरा यांच्यामध्ये खेळाडूंसाठीची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर जागेवर नव्हता. हा खुलासा ओडिशा क्रिकेट संघटनेनेच केला. सरकारने रीतसर नोटीस काढून दहा दिवसांत स्पष्टीकरण मागवले. रोहितने पुढे 119 धावा केल्या. ड्रायव्हरच्या नावाची नोंद स्कोअरबुकात झाली नाही, हा अन्याय आहे. आघाडीच्या जोडीला एवढा वेळ एकट्याने रोखणारा दुसरा कुणी त्या दिवशी इंग्लंडकडे नव्हता.

मुंबईकरांनी फार हसू नये. मे 2022 मध्ये वानखेडेवर आयपीएलच्या मुंबई-चेन्नई सामन्याच्या सुरुवातीला वीज गेल्यामुळे डीआरएस बंद होते. चेन्नईच्या डेव्हन कॉन्वेला पायचीत दिले, आणि चेंडू यष्टींना लागला नसता हे रिप्लेत दिसत असूनही त्याला दाद मागता आली नाही. मैदानावर खेळण्यापुरता उजेड होता बरं का. फक्त न्यायाला करंट नव्हता.

तेव्हा यापुढे कुठल्याही स्टेडियमच्या दिव्यांची निविदा निघेल, तेव्हा तिच्यात लक्स, वॅट, हमीची वर्षे सगळे यथासांग येऊ द्या. त्याखाली एक कलम जोडा: सामना संपेपर्यंत गाडीच्या ड्रायव्हरने चहाला जाऊ नये, गेलाच, तर किल्ली बाराव्या खेळाडूकडे देऊन जावे, आणि संघात गाडी मागे घेता येणारा निदान एक जण असावा.