प्रचाराच्या गाडीतून हापूस

मे महिन्यात कोकणात भाड्याने गाडी मिळणं कठीण. त्यात लोकसभेची निवडणूक असेल तर ते अशक्य. 2024 च्या मे महिन्यात मी कणकवलीत उतरून देवगडला जायला गाडी शोधत होतो, तेव्हा तालुक्यातली प्रत्येक बोलेरो कुठल्या ना कुठल्या पक्षाला दिलेली होती. रिक्षांच्या टपावरही भोंगे होते. एका रिक्षावाल्याने मला आपादमस्तक न्याहाळून, "तुम्ही खयच्या वाडीतले?" असं विचारलं. मी पुण्याचा, म्हणजे इथे मत नसलेला, हे कळताच त्याने रिक्षा सुरू केली आणि तो एकटाच निघून गेला.

देवगडला मी देशकार्यासाठी जात नव्हतो. बायकोच्या मामांची तिथे आंब्याची बाग आहे आणि दर वर्षी तिथून चार पेट्या आणण्याचं काम माझ्याकडे असतं. मला गाडी लागते. साधी लागत नाही. नांदगाव तिठ्यावरून देवगडचा रस्ता सुरू झाला की शिरगाव येईपर्यंत मी माणसांतून उठतो. तरी हे काम माझ्याचकडे का, असं मी बायकोला अधूनमधून विचारतो. "तुमच्याकडे वेळ असतो," असं ती सांगते.

शेवटी मेहुण्याला फोन केला. तो त्या दिवसांत एका उमेदवाराचा प्रचाररथ चालवत होता. "भावजीनू, वेगळी गाडी कशाक होयी? आमची आसा मां!" तो म्हणाला. पक्ष कुठला, ते मी सांगणार नाही. मला दर वर्षी त्याच वाटेने आंब्याला जायचं आहे.

प्रचाररथ म्हणजे एक पिकअप. दोन्ही बाजूंना साहेबांचे हात जोडलेले फ्लेक्स, टपावर चार भोंगे, मागे बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर, समोरच्या काचेवर परवानगीचा कागद. तो कागद अस्सल लागतो, झेरॉक्स चालत नाही, असं मेहुण्याने तीनदा सांगितलं. मला खिडकीशी बसवलं. गाडी लागणाऱ्या माणसाची जागा तीच. पण प्रचाराच्या गाडीत खिडकीशी बसलेला, मान बाहेर काढलेला, चेहऱ्यावर गंभीर वेदना असलेला मध्यमवयीन माणूस लोकांना नेता वाटतो. शिरगावात दोन बायकांनी मला नमस्कार केला. मी आलं-लिंबाची गोळी तोंडात धरून हात वर केला. त्यातल्या एकीने फ्लेक्सकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "सुकलो गो बिचारो."

हा मतदारसंघच माणसाला सुकवणारा आहे. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ, दोन जिल्हे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त रस्ता. तो महामार्गाने. वाड्या मोजायला लागलात तर मोजणारा निवृत्त होईल. पूर्वी यातल्या मोठ्या भागाचा राजापूर नावाचा मतदारसंघ होता. आधी बॅ. नाथ पै आणि मग 1971 पासून मधू दंडवते तिथून निवडून यायचे. दंडवते पुढे रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम घातला. पिकअपच्या सीटवर बसून नांदगाव ते जामसंडे प्रवास केल्यावर मला त्या माणसाचं थोरपण जे कळलं, ते कुठल्याही चरित्रातून कळलं नसतं.

साहेब प्रत्यक्ष दिसले ते दुपारी एका देवळात. प्रचाराची सुरुवात गावोगाव ग्रामदेवतेला नारळ ठेवून होते. आचारसंहितेप्रमाणे देवळात प्रचार करता येत नाही, हे गावकरांना तोंडपाठ. त्यामुळे त्यांनी गाऱ्हाणं असं घातलं की निवडणूक आयोगाने टिपून घेतलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आज जा काय मनात धरल्यान हा, ता तडीक ने रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीसुद्धा म्हणालो, माझ्या मनात तेव्हा लिंबू सरबत होतं. बाहेर पडताना पायरीशी दुसऱ्या उमेदवाराचे कार्यकर्ते नारळ घेऊन उभे होते. गावकर तसेच परत आत वळले. देवासमोर तेच लेकरू, तोच मजकूर.

मामांकडून पेट्या घेतल्या. कुणकेश्वरला देऊळ आणि समुद्र जागच्या जागी होते. आता परतीचं सांगतो.

तो शनिवार होता, 4 मे. मतदान मंगळवारी, 7 तारखेला. मतदान संपायच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद असतो, म्हणजे रविवार संध्याकाळपर्यंतचाच वेळ हातात. त्यामुळे साहेबांना त्या रात्री उरलेल्या सगळ्या वाड्या हव्या होत्या. नऊ वाजून गेल्यावर त्यांची गाडी पुढे आणि आमचा रथ मागे, असे आम्ही एका पाणंदीत शिरलो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये बैलगाडी जाईल इतकी वाट. साहेबांची गाडी पुढे निघून गेली. आमच्यासमोर वळणावरून दुसऱ्या उमेदवाराचा रथ आला. दोन्ही गाड्यांची नाकं एकमेकांपासून हातभर अंतरावर थांबली.

"फाटी घे," मेहुणा खिडकीतून म्हणाला.

"मी कित्याक घेव? तू घे."

आता यात अवघड काही नव्हतं. कुणीतरी एकाने पन्नास पावलं मागे जायचं होतं. पण प्रचार संपायला एक दिवस उरला असताना आपल्या उमेदवाराचा चेहरा लावलेली गाडी, वाडीतल्या लोकांसमोर, विरोधकाला पाहून मागे न्यायची? कार्यकर्ते खाली उतरले. त्यांचेही उतरले. गडग्यांवर वाडीतली पोरं येऊन बसली. आणि या सगळ्यावर दोन्ही गाड्यांचे भोंगे चालूच होते. आमचा म्हणत होता, "आता थांबायचं नाही!" त्यांचा विचारत होता, "पाच वर्षांत आपण एक पाऊल तरी पुढे सरकलो का?" आमचा पुन्हा, "आता थांबायचं नाही!" त्यांचा पुन्हा तोच प्रश्न. मी पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत, पण त्यात कुणी समोरच्याला इतकं नेमकं उत्तर दिलेलं आठवत नाही.

"जरा बंद कर रे ते," मी म्हणालो.

बंद करता येत नव्हतं. अ‍ॅम्प्लिफायर मागे होता आणि मेहुण्याने त्याच्यावर आणि त्याच्याभोवती माझ्या चार पेट्या दोरखंडाने अशा आवळून बांधल्या होत्या की वळणावर आंबा दचकू नये. मागचं फळकं गडग्याला घासून उभं. ते उघडत नव्हतं.

ही पाणंद रुंद करण्याचं आश्वासन दोन्ही उमेदवारांनी दिलेलं होतं, ही माहिती मला गडग्यावरच्या एका शाळकरी पोराने दिली. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटींचा निधी असतो. तो अख्खा ओतला तरी ही वाट वीतभर सरकायची नाही. गडगा ज्या जमिनीत आहे तिच्या सातबाऱ्यावर पानभर नावं आहेत. त्यातली निम्मी परळ-लालबागमार्गे विरार-डोंबिवलीला गेलेली, काही वर गेलेली, आणि उरलेली एकमेकांशी बोलत नाहीत. चिरा हलवायचा तर सगळ्यांची सही हवी. गणपतीला सगळे गावात येतात, पण तेव्हा जमिनीचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

बराच वेळ झाला तरी रथ येत नाही म्हणून साहेब चालत परत आले. फ्लेक्सपेक्षा बुटके, घामाने भिजलेले, आणि घसा पूर्ण बसलेला. त्यांनी हात वर करून काहीतरी म्हटलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण त्यांच्याच आवाजात भोंगा गरजत होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग शेजारच्या घराच्या खळ्यात जाऊन ते पायरीवर बसले. मीही तिथेच होतो, कारण उभ्या गाडीतही मला गाडी लागली होती.

त्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. संध्याकाळपासून दोन्हीकडचे कार्यकर्ते त्यांच्याकडे येऊन गेले होते, आणि दोघांनाही त्यांनी एकच सांगितलं होतं. "माझा मत झाला हा. घराकच इले होते, सायब नि पोलीस." पंचाऐंशी ओलांडलेल्यांना त्या निवडणुकीत घरून मत देता येत होतं. अधिकारी पेटी घेऊन दारात यायचे, चित्रीकरणसुद्धा करायचे. मत झालं म्हटल्यावर कार्यकर्ते पाया पडायचेही विसरून पुढच्या घराकडे वळले होते. "आता माका कोण इचारता?" आजी मला म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मुलगा मुंबईला, सून मुंबईला, मतदानाला येणार होते पण गाडीचं तिकीट मिळालं नाही, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं. शाळेपर्यंत नवं लुगडं नेसून जायचं, रांगेत चार बाया भेटायच्या, ते या वेळी राहिलं, एवढंच त्यांना लागलं होतं.

मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "आवाज बसलो हा रे ह्येचो." त्या आत गेल्या, चुलीवरचं गरम पाणी मीठ घालून तांब्यातून घेऊन आल्या. साहेबांनी गुळण्या केल्या. आजींनी ते उमेदवार आहेत हे ओळखलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. साहेबांनीही सांगितलं नाही. मतं संपलेल्या त्या पायरीवर त्यांना एवढा वेळ बसलेलं पाहून त्यांचा सेक्रेटरी घड्याळ दाखवत होता. त्याला त्यांनी हातानेच गप्प बसवलं.

दहा वाजले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद पाहिजे. त्यांचा बंद झाला. आमचा "आता थांबायचं नाही" म्हणत राहिला. समोरच्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर सी-व्हिजिल उघडलं. या अ‍ॅपवर तक्रार केली की 100 मिनिटांत दखल घेतात म्हणे. देशात इतर कुठल्या कामाला हा वेग असता तर ही पाणंद कधीच सहापदरी झाली असती. आमच्याकडे भरारी पथक पंधरा मिनिटांत आलं. नाक्यावरच होतं. आलं ते सरळ आमच्या मागे. म्हणजे आता मागे जाण्याची सोयही संपली. पलीकडे, विरोधकांच्या मागे, हळदीहून परतणारी माणसं भरलेली रिक्षा येऊन ठेपली.

पथकाच्या अधिकाऱ्यांनी टॉर्च मारला, तो पेट्यांवर. प्रचाराची गाडी, मतदानाला तीन दिवस, आणि चार पेट्या देवगड हापूस.

"मतदारांना वाटायला?"

"माझे आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही कोण? स्टार प्रचारक?"

प्रचाराच्या गाडीत दहा हजारांवरच्या भेटवस्तू सापडल्या तर जप्त होतात, असं त्यांनी सांगितलं. शिवाय या उमेदवाराच्या खर्चात धरायच्या. लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा, त्यात चहापासून मांडवापर्यंत सगळ्याचे दर प्रशासनाने ठरवून दिलेले. पण त्यांच्या दरपत्रकात हापूस नव्हता. ते कागद उलटसुलट करत राहिले. व्हिडिओवाला माझं चित्रीकरण करत होता. त्या क्षणी, कॅमेऱ्यात पाहत, मी गडग्याशी वाकलो आणि आलं-लिंबासकट सगळं बाहेर काढलं. लोकशाहीच्या दप्तरात माझी नोंद आहे ती एवढीच.

वाचवलं मामांच्या चिठ्ठीने. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी लिहून दिलं होतं: चार पेट्या, जावयाकडून पैसे येणे बाकी. अधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि परत दिली. "उधारीवर कोणी मत विकत घेत नाही," ते म्हणाले. हे त्यांचं मत मला पटलेलं नाही, पण तेव्हा मी वाद घातला नाही.

गाड्यांचा प्रश्न मात्र तसाच. पथकाचा ड्रायव्हर म्हणाला, अंधारात गडग्यांमधून रिव्हर्स मला जमणार नाही, सरकारी गाडी आहे. तेव्हा कुणीतरी पोराला पिटाळलं आणि वाडीतून एक सत्तरीचे गृहस्थ हाफपँटीवर आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. कुणाशी न बोलता ते पिकअपच्या टपावर चढले, भोंग्याची वायर उपटली आणि खाली उतरले. इतक्या वेळाने रातकिडे ऐकू आले.

"उतरा सगळे," एवढंच म्हणाले. आधी पथकाची जीप मागे नेली, मग आमचा रथ, दोन्ही एका दमात, गडग्याला न शिवता. विरोधकांनी टाळ्या वाजवल्या, "गेलो रे फाटी!" आमच्यातला एकजण ओरडला, "आधी सरकार मागे गेलं, मग आम्ही!" दोन्ही बाजूंचे समाधानी दिसले. साहेबांनी ड्रायव्हरकाकांचा हात धरून घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय सेवा करू?" ते म्हणाले, लहानपणी बापसाबरोबर नाथ पैंच्या सभेला गेलो होतो, चालत. आणि मग, "वायर जोडून घ्या उद्या." हाफपँटीला हात पुसत ते घरी गेले.

साहेब निवडून आले की नाही, ते सांगितलं तर पक्ष कळेल. पाणंद यंदाही तेवढीच होती, मी पाहून आलो. तेव्हा निवडणुकीच्या दिवसांत त्या बाजूला आंब्याला जाणार असाल, तर गाडी पाणंदीच्या तोंडाशी ठेवून पेटी डोक्यावर घ्या. आणि पैसे उधार ठेवून चिठ्ठी मागून घ्या.