हात न उचलणाऱ्या थारस्वारास अनावृत पत्र

अखंडित-लक्ष्मी-अलंकृत, राजमान्य राजश्री थारस्वार साहेब यांचे सेवेशी,

एका जुन्या जीपवाल्याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्रारंभी नमस्कार घालण्याचा हा शिरस्ता आपणांस कालबाह्य वाटेल. परंतु समक्ष घातलेला नमस्कार आपल्या दफ्तरी जमा होत नाही, असा अनुभव नुकताच पदरी पडला असल्याकारणाने तो लेखी पाठवावा आणि त्याची रीतसर पोच मागावी, असा निश्चय करून हा कागद रवाना करीत आहे.

प्रकरणाची हकीकत येणेप्रमाणे. गेल्या श्रावणातील एका रविवारी ताम्हिणी घाटात, धुक्याने रस्त्याची कड पुसून टाकलेल्या एका वळणावर, माझी एमएम ५४० जीप आपल्या वयास शोभेल अशा गतीने चढण चढत असता समोरून आपली लाल, कोरी थार उतरत आली. आणि या जातीची गाडी हाकू लागल्यापासून अंगवळणी पडलेल्या रिवाजास अनुसरून मी स्टिअरिंगवरचा उजवा हात वर केला. आपण केला नाही. आपल्या शेजारी बसलेल्या स्नेह्यांनी मात्र केला, पण तो मोबाइल धरण्यासाठी. चित्रीकरणाच्या निमित्ताने आपण त्याच वळणावरून वर-खाली येरझाऱ्या घालीत होतात, त्यामुळे लवकरच पुन्हा भेटीचा योग आला. धुक्यामुळे पहिला नमस्कार दिसला नसेल असा संशयाचा फायदा आपणांस देऊन मी पुन्हा हात वर केला, तेव्हा आपण दीर्घ हॉर्न वाजवून, पंजा उताणा करून मनगटाला असा काही झोका दिलात की त्याचे 'काय आहे?' एवढेच भाषांतर संभवते. अखेर माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी आपली समक्ष गाठ पडली. "काका, हात का दाखवत होता? टायर बसलाय वाटलं आम्हाला. उतरून चारही बघितले," असे आपण म्हणालात. एका कुळीच्या गाड्या वाटेत भेटल्या म्हणजे एकमेकींना हात करावयाचा असतो, असे मी यथामती निवेदन केले. आपण ते सौजन्याने ऐकून घेतलेत, भज्याचा तुकडा तोंडात टाकलात आणि विचारलेत, "अच्छा. पण त्याचा फायदा काय?"

या प्रश्नाला त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. हे पत्र म्हणजे ते उत्तर होय.

तत्पूर्वी किरकोळ फिर्यादी एका दमात नोंदवून मोकळा होतो. मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, तो हुकूम आपल्या काचांपर्यंत पोचलेला दिसला नाही. भर धुक्यात आपले जादा दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखलेले होते. चारही चाकांना जोर पोचविणारा दांडा आपल्या गाडीत आहे, पण त्याच्या मुठीवरचे प्लास्टिक अद्याप उतरलेले नाही. आणि आपल्या गाडीतील गाण्याने त्या घाटातले धबधबे मुके केले होते. या सर्व बाबी मी उदार अंतःकरणाने दाखल-दप्तर करतो. माझी खरी तक्रार त्या न उचललेल्या हाताबद्दल आहे, आणि तिच्यात तडजोड नाही.

साहेब, आपण ज्या वाहनात विराजमान होता त्याच्या कुळाचा वृत्तांत आपल्या विक्रेत्याने आपणांस सांगितला नसावा. त्याने हप्ता तेवढा सांगितला असेल. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने सहा लाखांहून अधिक संख्येने बनविलेली ती चौकोनी, उघडीबोडकी जीपगाडी युद्ध संपताच नोकरी शोधू लागली, आणि १९४५ सालच्या २ ऑक्टोबरला पोलादाच्या व्यापारासाठी लुधियानात उघडलेल्या महिंद्र आणि मोहम्मद या पेढीने १९४७ साली मुंबईत माझगावला तिची जोडणी आरंभिली; त्यांतील मोहम्मद पाकिस्तानात जाऊन आधी अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, पेढीच्या पाटीवर १९४८ पासून दोन्हीकडे महिंद्रच राहिले, पण गाडी राहिली. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास योजना निघाली आणि मग गटविकास अधिकारी, मामलेदार, फौजदार, देवीचे डॉक्टर व मते मागणारे उमेदवार अशा सर्वांना या गाडीने वाट नसलेल्या गावी पोचविले. आपली नवी थार बाजारात आली तीही २ ऑक्टोबरलाच, २०२० साली. इतक्या जुळत्या तिथ्यांची कुंडली असलेले घराणे मोटारींत विरळा; आणि आपण त्यातल्या वडीलधाऱ्यास हॉर्न वाजविलात.

त्या आरंभीच्या जीपगाड्यांचे स्टिअरिंग, अमेरिकन मुलखाच्या रीतीप्रमाणे, डाव्या बाजूस असे. चालकाला उजवीकडे हात काढून इशारा देता येत नसे, म्हणून मागील फळीवर जगाला सावध करणारी अक्षरे रंगविलेली असत: 'लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल'. तथापि त्याही अडचणीत ती माणसे टपाच्या कडेवरून, नाही तर वाऱ्यासाठी काच बॉनेटवर पाडून ठेवलेली असली तर थेट समोर, हात उंच करीत आणि समोरच्याला ओळख देत. आपले स्टिअरिंग उजवीकडे आहे. आपणांस डावे-उजवे दिवे आहेत, दोन सुरांचा हॉर्न आहे, गाडी आपल्या फोनशी बोलते. 'नो सिग्नल' ही अक्षरे मात्र आज आपल्याच गाडीच्या पाठीवर अधिक शोभतील.

आता फायद्याविषयी. तो हात म्हणजे सभ्यतेचा नखरा नव्हता. तो करार होता. आमच्या गाडीच्या प्यूजो डिझेल इंजिनाच्या नळीत हवा धरली की ते पुंडलिकासारखे आम्हांस विटेवर ताटकळत ठेवी. फॅनबेल्ट तुटे, तो नेमका वरंधा घाटाच्या अर्ध्यात. क्लचची केबल संध्याकाळ पाहून जाई. अशा वेळी मागून-पुढून येणाऱ्या शंभर वाहनांतून जे एक वाहन हमखास थांबे ते दुसऱ्या जीपवाल्याचे असे. कारण त्याच्या खोक्यात तोच पट्टा, तोच पाना आणि त्याच अपमानाची स्मृती असे. तो उतरून, नाव-गाव न विचारता, चिखलात पाठ टेकून गाडीखाली जाई, आणि मोबदल्याचा शब्द काढला तर त्याच्या चेहऱ्यावर असा काही भाव उमटे की आम्ही पुन्हा तो शब्द काढण्याचे धाडस करीत नसू. या माणसाची आणि आमची भेट होण्यापूर्वी, वर्षानुवर्षे, वाटेवरच्या प्रत्येक वळणावर जो हात वर होई, त्याचा अर्थ एवढाच असे: आज माझी चालू आहे, तुमचीही चालू आहे, उद्याचे ठरलेले आहे. करारनामा लिहिलेला नव्हता, मुद्रांक लागलेला नव्हता. त्याचे नूतनीकरण तेवढे रोज, चालत्या गाडीतून, अर्ध्या क्षणात होत असे. एसटीचे दोन चालक समोरासमोर येताच आजही हात करतात, ते याच करारापोटी.

आणि आपण विचारता, फायदा काय! अरे, ज्या मुलखात पंढरीच्या वाटेवर माणसे 'माऊली' म्हणून परक्याच्या पायावर डोके ठेवतात आणि तो परका उलट यांच्या पायावर ठेवतो, त्या मुलखात वाढलेल्या तुला हा प्रश्न सुचलाच कसा? हात वर करायला डिझेल लागत नाही, हप्ता वाढत नाही, रेंज लागत नाही! तेवढेही ज्याच्याने होत नाही त्याने डोंगरावर जाण्यासाठी बनविलेली गाडी घ्यावी कशाला? अपघात होऊन पडलेल्या माणसाभोवती मोबाइल उंच धरून उभी राहणारी गर्दी काय आकाशातून पडते? ती याच 'फायदा काय'मधून जन्मते, आणि तिच्यातला प्रत्येक जण तोपर्यंत सज्जन असतो. एकेरीवर आलो खरा. परत घेत नाही.

आपल्या मौनाला काही गूढ अर्थ असेल काय, याचाही मी न्याय्य बुद्धीने शोध घेतला. इंग्लंडात १९०५ साली मोटारवाल्यांनी ऑटोमोबिल असोसिएशन नावाची संस्था काढली. तिचे पहारेकरी रस्त्यावर राहून, पोलिसांनी वेग मोजण्यासाठी लावलेल्या सापळ्यांची खबर सभासदांना देत. १९१० मध्ये न्यायालयाने असा इशारा देणे गुन्हा ठरविले, तेव्हा या मंडळींनी युक्ती काढली. संस्थेचा बिल्ला लावलेली मोटार दिसली की पहारेकऱ्याने सलाम ठोकावयाचा. आणि सलाम झाला नाही, तर सभासदाने थांबून त्याचे कारण विचारावयाचे. सलाम न करणे हा गुन्हा असल्याचे कोणत्या न्यायाधीशाला सिद्ध करता येणार? १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तो सलाम चालला. पाहा, तेथे न केलेल्या नमस्कारालाही अर्थ होता, आणि तो हितचिंतकाचा होता. आपण हात केला नाहीत तेव्हा पुढे पौड फाट्यापर्यंत मी वाहतूक पोलिसांची वाट पाहत गाडी हाकली. एकही भेटला नाही. म्हणजे आपले मौन निव्वळ मौनच होते.

जेथे ही गाडी जन्मली त्या अमेरिकेत हात करण्याची ही चाल 'जीप वेव्ह' म्हणून ओळखली जाते, आणि प्रथम कोणी करावयाचा, जुन्या गाडीचा मान कोणता, यांवर तेथील जीपवाले आपल्याकडील पंक्तिप्रपंचास लाजवील इतका काथ्याकूट करतात. तेथेही चाल पातळ झाल्याची ओरड आहे. तेथील जीप कंपनीने तर हेच नाव गिऱ्हाइकांच्या देखभालीच्या एका योजनेला देऊन टाकले. परंतु २०२० मध्ये, माणसांना माणसांची धास्ती वाटत असतानाच्या त्या वर्षी, कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतात एका बाईने अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवले, आणि तेव्हापासून त्या खंडातील जीपगाड्यांच्या काचेआड रंगीबेरंगी बदकांच्या रांगा लागल्या आहेत. पोरखेळ म्हणा हवे तर. एक परका दुसऱ्या परक्यासाठी दुकानातून बदक विकत आणतो, यात फायदा काय, असे विचारणारा तेथे कोणी भेटला नसावा.

इतके लिहून झाल्यावर, साहेब, मनात एक प्रश्न आला आणि तो काही केल्या जाईना. आपण हात पाहून टायर तपासलेत. चारही तपासलेत, पावसात उतरून. म्हणजे वर गेलेल्या हाताला आपल्या अनुभवात अर्थच मुळी दोन-तीन उरलेले आहेत: पोलिसाचा, जो गाडी बाजूला घ्यावयास लावतो, वर्गणीवाल्याचा, जो दोर आडवा धरतो, आणि काही तरी बिघडले आहे असे सांगणाऱ्याचा. समोरून दिवा लुकलुकला तर आमच्या वेळी तो 'सांभाळून या' म्हणे. आपल्या वेळी तो 'मी आलो, तू बाजूला हो' म्हणतो. रस्त्यावर परक्याकडून येणारी प्रत्येक खूण ज्याला दंड, मागणी किंवा धमकी म्हणून वाचावी लागते, त्याने काच वर ठेवली तर नवल कसले? शिवाय आपली गाडी बंद पडत नाही. ही तिची थोरवीच. पण जी गाडी कधी बंद पडत नाही तिच्या धन्यासाठी कोणी थांबत नाही, आणि कोणी आपल्यासाठी थांबल्यावाचून दुसऱ्यासाठी थांबण्याचे शिक्षण होत नाही. वर्षानुवर्षांच्या हप्त्यांचे ओझे वाहत, आठवड्यातून एक दिवस मिळणाऱ्या घाटात, त्या थंडगार पेटीत आपण फार एकटे असता असे मला वाटू लागले आहे. आणि हा विचार माझ्या रागाच्या मुळीच सोयीचा नाही.

सबब, पुढील बंदोबस्त मी एकतर्फी जाहीर करीत आहे. यापुढेही मी हात करीत जाईन. आपण पोच द्यावी अगर न द्यावी. आपण मनगटाला झोका दिलात तर तोच नमस्कार समजून जमा करून घेईन. आणि कधी काळी आपल्या गाडीतील एखादा इलेक्ट्रॉनिक मेंदू रुसला, घाटात रेंज गेली आणि कंपनीची मदतवाहिनी दुसऱ्या दिवसाचा वायदा करू लागली, तर माझ्या जीपच्या आसनाखाली ओढायचा दोर कायम असतो. मी थांबेन. फुकट ओढीन. मात्र पायथा येईपर्यंत मी फायद्याविषयी जे बोलेन ते काच खाली करून ऐकावे लागेल. ही अट आहे, आणि तिच्यात सूट नाही. तेवढ्यासाठी आपल्या गाडीला पुढच्या बाजूने दोर कोठे बांधतात, हे पुस्तिकेतून आताच पाहून ठेवावे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक जीपवाला