मागल्या दारचे वैभव

पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर अलीकडे ज्या उंच, चौकोनी आणि सदैव कपाळाला आठी घातलेल्या मोटारी मोठ्या दिमाखाने संचार करताना दिसतात, त्यांचे दर्शन समोरून घेण्यापेक्षा पाठीमागून घेणे अधिक बोधप्रद असते, असे आमचे नम्र मत आहे. समोरून त्या नुसत्याच रागीट दिसतात. पाठीमागे मात्र, दाराच्या ऐन मध्यभागी, संस्थानिकाच्या छातीवरील पदकाच्या तोऱ्यात एक अजस्र चाक झळकत असते. त्या चाकावर बहुधा काळी गवसणी चढविलेली असते आणि तिच्यावर हिमशिखरे, होकायंत्र किंवा डरकाळी फोडणारा वाघ चितारलेला असतो. कित्येक गाड्यांच्या नशिबी असलेले हिमालयदर्शन आणि व्याघ्रदर्शन तेवढ्यावरच आटोपते.

हे चाक, म्हणजे आपणां सर्वांच्या परिचयाची स्टेपनी, ही मूळची मोठी विनयशील वस्तू. वेल्समधील लानेली या गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास ती प्रचारात आणली, तेव्हा संकटसमयी उपयोगी पडावे आणि एरवी निमूटपणे एका कडेला राहावे, याहून अधिक महत्त्वाकांक्षा तिला नव्हती. पुढे बहुतेक मोटारींनी तिची रवानगी डिकीच्या तळाशी, सतरंजीखाली केली आणि तिनेही कधी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. परंतु ज्या गाड्या डांबरावर चालण्याला कमीपणा मानतात त्यांच्या बाबतीत ही व्यवस्था चालण्यासारखी नव्हती. आणि न्यायबुद्धीने बोलायचे तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. चाक गाडीच्या पोटाखाली टांगावे, तर ते पहिल्याच चढउतारात दगडाला घासणार; आत ठेवावे, तर दोन माणसांची जागा खाणार; टपावर चढवावे, तर गाडी आधीच उंच, ती अधिकच डोलणार. उरले मागले दार. तेथे स्टेपनीची कायम नेमणूक झाली आणि या बढतीचा हुकूम निघताना ज्या दोन इसमांची जबानी कोणीही घेतली नाही, ते म्हणजे त्या दाराच्या दोन बिजागऱ्या.

त्यांच्यावर नेमका काय प्रसंग ओढवला, हे समजण्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरून माणूस बराच वेळ उभा राहू शकतो. तीच बादली हात लांबवून धरण्यास सांगितले, की मिनिटाभरात खांदा फिर्याद करू लागतो. वजन तेच, अंतर वाढले. चाक ३० किलोंचे आहे, त्याचा मध्य बिजागऱ्यांच्या रेषेपासून ६० सेंटीमीटरवर आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटीमीटरचे अंतर आहे, असे धरून चालू. मग उघड्या दाराची वरची बिजागरी ४५ किलोंच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत रेटली जाते. दाराचे स्वतःचे वजन या हिशेबात अजून धरलेलेच नाही. दार बंद असताना कुलपाची कडी आणि चौकटीवरचे रबरी गुटके काही भार उचलतात, हे खरे; पण गुटके झिजून चपटे झाले, की ती कुमकही आटते, आणि गाडी खड्ड्यात आदळली, की बिचाऱ्या बिजागरीला वजन क्षणभर कितीपट झाले हे मोजण्याचीही उसंत मिळत नाही.

ही गोष्ट पूर्वसूरींना ठाऊक नव्हती असे नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या पाठीवर चाक होते, पण तिचा मागचा पत्रा मुळी उघडतच नसे. सबब तक्रार करण्यास तेथे बिजागरीच अस्तित्वात नव्हती. युद्ध सरल्यावर १९४५ मध्ये तीच जीप सीजे-२ए या नावाने नागरी वेषात शेतावर आली, तेव्हा मालाची चढउतार करण्यासाठी तिच्या मागल्या अंगाला उघडणारे फळकूट देणे भाग पडले. आणि ते देताना कारखानदारांनी चाक उचलून सरळ गाडीच्या कुशीला नेऊन बसविले. दार हवे, तर त्यावर चाक नको, इतका साधा हा विचार होता. जुन्या लँड रोव्हर गाड्यांतून तर ते पुष्कळदा थेट बॉनेटवर चढविलेले असे, आणि तेल-पाणी पाहण्यासाठी बॉनेट उचलताना साहेबाच्या कमरेचीच परीक्षा होत असली तरी ती त्याने स्वखुशीने दिलेली होती. पुढे १९८० नंतरच्या दशकात रँग्लर नावाच्या जीपने आडवे उघडणारे दार आणि त्यावर चाक असा एकत्र संसार थाटला. आज आपल्याकडे नाशिकला तयार होणारी थार घ्या, गुरखा घ्या किंवा जिम्नी घ्या, हा संसार सर्वत्र रूढ झालेला आहे.

कारखान्यातून निघालेले दार आणि कारखान्यातून निघालेले चाक यांचे एकमेकांशी बरे जमते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. कलह सुरू होतो तो मालकाच्या आगमनानंतर. गाडी दारी आल्यावर थोड्याच दिवसांत त्याला तिची चाके लहान भासू लागतात. शेजारच्या इमारतीतील गाडीची चाके मोठी असल्यास हा दृष्टिदोष अधिक लवकर जडतो. मग तो रुंद, काटेरी, चिखल तुडविण्यासाठी घडविलेले ३५ इंची टायर पैदा करतो. चार चाके मोठी केली, की पाचवे ओघानेच मोठे करावे लागते, कारण ऐन वेळी लहान चाक चढवून गाडी लंगडत आणणे त्याच्या इभ्रतीला मानवत नाही. आणि लोखंडी रिमसकट ते पाचवे चाक चाळीस किलोंच्या पुढे सहज जाते. तेवढ्याने भागत नाही. चाकाच्या कडेला एक जेरीकॅन लटकतो, त्याच्या खाली फावडे येते, आणि चिखलात रुतलेली गाडी उचलण्यासाठी चार फुटी लोखंडी जॅक, जो एकटाच तेरा-एक किलोंचा असतो, तोही त्याच दारावर आडवा जखडला जातो. जेरीकॅनमध्ये वीस लिटर पाणी भरले तर आणखी वीस किलो वाढतील. सुदैवाने त्यात कोणी कधीच काही भरत नाही, आणि बिजागरीला परमेश्वराच्या अस्तित्वाचा मिळालेला हा एकमेव पुरावा होय.

एवढी जय्यत तयारी करून ही मंडळी जातात कोठे, असा प्रश्न कोणी कुत्सितपणे विचारील. रविवारी पहाटे मुळशीच्या दिशेने निघालेला त्यांचा ताफा आम्ही अवलोकन केलेला आहे. मिसळीच्या हॉटेलासमोरील मुरमाड पटांगणात गाड्या एका रांगेत पाठ दाखवून उभ्या राहतात, सर्व स्टेपन्यांचे सामुदायिक छायाचित्र निघते, आणि डांबराशी घेतलेला काडीमोड तर्रीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत टिकतो. खरोखर दऱ्याखोऱ्यांतून गाडी घालणारे, पहाटे चिखलात लोळून संध्याकाळी हसतमुखाने परतणारे मोजके लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे. पण त्यांच्या गाडीला सहसा गवसणी नसते. बाकीच्यांच्या वतीने एवढेच सांगता येईल, की महापालिकेने खड्ड्यांची सरबराई अगदी घरपोच केलेली असल्याने बिजागरीला निबिड अरण्याची उणीव भासत नाही.

सरकारने या बाबतीत सुटकेचा एक मार्ग खुला करून ठेवला होता. जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, ज्या लहान वाहनांत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब कळविणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असेल त्यांना स्टेपनी बाळगण्यातून माफी मिळाली. पुढल्याच वर्षी इकोस्पोर्ट या गाडीच्या एका नव्या प्रकारात पाठीवरचे चाक उतरलेही. त्याच वर्षी ती गाडी बनविणाऱ्या कंपनीने या देशातील मोटारनिर्मिती आटोपती घेण्याचे जाहीर केले; उभय घटनांचा अर्थाअर्थी काहीच संबंध नव्हता, पण स्टेपनीच्या कट्टर उपासकांना त्यात देवीचा कोप दिसला नसेल, याची हमी आम्ही देत नाही. नाहीतर दाराला सोडचिठ्ठी देऊन चाक मागल्या बंपरवर बसविलेल्या स्वतंत्र लोखंडी हातावर तोलावे, अशीही तजवीज बाजारात आहे, आणि ती शास्त्रशुद्ध आहे. तीत दोष इतकाच, की डिकीत कोथिंबिरीची जुडी ठेवायची झाली तरी आधी तो हात बाजूला करावा लागतो आणि मग दार. त्यातून गाडी सोसायटीच्या भिंतीला पाठ लावून उभी असेल तर दोन्ही उघडत नाहीत, आणि जुडी पुढल्या सीटवर बसून घरी जाते.

दार खाली बसू लागल्याची लक्षणे प्रथम मालकाच्या कानाला कळतात. खडबडीत रस्त्यावर मागून एक बारीक ‘खट्-खट्’ सुरू होते, तेव्हा तो गाण्याचा आवाज वाढवितो. पुढे दार एका हाताने लोटून बंद होईनासे होते. मग डावा हात खाली घालून, गुडघ्याचा टेकू देऊन, थोडे उचलून, ‘धाड्’ असा आवाज काढून ते बंद करण्याची एक खास लकब त्याच्या अंगवळणी पडते, आणि पाहुण्यांनी दाराला हात घातला की तो “थांबा, थांबा, ते मलाच जमतं” असे काहीशा अभिमानाने म्हणतो. एव्हाना कुलपाच्या बाजूची फट वर बोटभर आणि खाली सुतभर झालेली असते. चौकटीवरील ज्या खिट्टीत कडी अडकायची, तिचा खालचा ओठ घासून चांदीसारखा लखलखत असतो. आणि वरच्या बिजागरीच्या बोल्टाभोवती रंगाला केसाएवढी चीर गेलेली असून पहिल्या पावसात तेथून तांबूस ओघळ उतरू लागतो. हा ओघळ दिसला, की प्रकरण नाना पेठेतील मिस्त्रींकडे वर्ग होते.

मिस्त्री दार दोनदा हलवून पाहतात, बिजागरीची खीळ आणि तिचे लांबट झालेले भोक यांच्यावरून अंगठा फिरवितात आणि “साहेब, दार बसलंय,” असा निकाल देतात. चाक उतरते. फावडे उतरते. जेरीकॅन उतरतो आणि पोकळ आवाज करीत कोपऱ्यात जाऊन पडतो. बोल्ट सैल करण्यापूर्वी दाराला खालून आधार द्यावयाचा असतो; तेव्हा मिस्त्री इकडेतिकडे पाहतात, आणि सह्याद्रीच्या चिखलातून गाडी बाहेर काढण्यासाठी आणलेला, ज्याच्यावरील कारखान्याचे कागदी लेबलही अद्याप निघालेले नाही, तो चार फुटी जॅक सोडवून त्याच दाराखाली लाकडाच्या ठोकळ्यासह उभा करतात. दोन टिचक्या मारताच दार वर येते. खिळी बदलल्या जातात, पत्र्यामागे जाड पट्टीचे पॅकिंग पडते, खिट्टी सुतभर सरकते, बोल्ट आवळले जातात, आणि दार एका बोटाने, अगदी नव्या नवरीच्या अदबीने मिटते.

“पण साहेब, चाक जरा हलकं बसवा आता,” मिस्त्री हात पुसत सांगतात, “नाहीतर दिवाळीच्या आत परत याल.”

मालक बंद झालेल्या दाराकडे समाधानाने पाहत असतो. “पॅकिंग चांगलं मजबूत झालंय ना, मिस्त्री? मग याच्यावर सदतीस इंची चालेल?”

मिस्त्री काहीच बोलत नाहीत; खिशातला पेन काढून ते त्याचा फोन नंबर लिहून घेतात.